भाजल्यानंतरचं जगणं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आगीच्या स्पर्शासाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा. तव्याला बोट लागलं तर चटका बसतो. गरम चहाने जीभ पोळते. उन्हात माणूस होरपळतो, भाकरी करपते, आणि अंगावरच्या कपड्याने पेट घेतला की माणूस भाजतो. हे सगळे शब्द आपल्या आया-आज्यांनी चुलीपुढे बसून घडवलेले आहेत. पण भाजलेला माणूस वाचला, दोन-तीन महिन्यांनी दवाखान्यातून घरी आला, तर त्याच्या पुढच्या अवस्थेला आपल्याकडे शब्द नाही. 'बरी झाली बिचारी' असं म्हणून आपण विषय मिटवतो. बातमीचंही तसंच. 'स्टोव्हचा भडका उडून महिला ६० टक्के भाजली, प्रकृती चिंताजनक' ही बातमी आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. तिच्याविषयी दुसरी बातमी आली तर ती मृत्यूची असायची. ती वाचली तर बातमी यायची नाही.

आज मला त्या न आलेल्या बातमीविषयी बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही, कला शाखेचा साधा पदवीधर आहे, आणि कविता लिहितो. कवितेत आग फार स्वस्त असते. विरहाची आग, क्रांतीची आग, पोटातली आग. आम्ही मंडळी काडी न ओढता गावंच्या गावं पेटवतो. खऱ्या आगीविषयी बोलताना मात्र जीभ जपून चालवावी लागते. म्हणून जळीत रुग्णांवर उपचार करणाऱ्यांकडून जे समजून घेतलं आणि वाचून जे पक्कं कळलं, तेवढंच सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. रॉकेलचा स्टोव्ह आता पुष्कळ घरांतून गेला. पण गॅसची गळती आहे, अंघोळीचं उकळतं पाणी आहे, विजेच्या तारा आहेत, फटाक्यांचे आणि मिठाईचे कारखाने आहेत. या लाखोंपैकी बहुसंख्य लोक जगतात. पुढे काय होतं, हा प्रश्न म्हणून मूठभरांचा नाही.

आधी त्या टक्क्याविषयी. 'किती टक्के भाजला?' हा आपला पहिला प्रश्न असतो. हे गणित सोपं आहे. माणसाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या कातडीचा साधारण १ टक्का. डोकं, चेहरा, मान मिळून ९ टक्के. एक हात खांद्यापासून बोटांपर्यंत ९ टक्के. डॉक्टरांना हा हिशोब जीव वाचवण्यासाठी लागतो. सलाइन किती द्यायचं, धोका किती, ते त्यावरून ठरतं. पण जगण्याचं माप त्या टक्क्यात सापडत नाही. दोन्ही पंजे, आतून-बाहेरून, मिळून ५ टक्क्यांच्या आसपास भरतात. शिंप्याचे पंजे गेले तर त्याचे किती टक्के गेले? पाठ-पोट मिळून ३० टक्के भाजलेला माणूस सदरा घालून ऑफिसात बसू शकतो, आणि ४ टक्क्यांचा चेहरा घेऊन एखादी तरुण मुलगी दोन-दोन वर्षं उंबरा ओलांडत नाही. मन किती कोसळेल ते भाजण्याच्या टक्केवारीवरून सांगता येत नाही, असं या विषयातल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे.

मग मोजायचं कसं? यासाठी परदेशात एक प्रश्नावली तयार झाली. अमेरिकेत १९८०नंतर तिची सुरुवात झाली आणि २००१ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी तिचं छोटं, ४० प्रश्नांचं रूप केलं. ती आज अनेक देशांत वापरतात. मला ती वाचताना गंमत वाटली, आणि नंतर गंमत वाटेनाशी झाली. कारण प्रश्न अगदी साधे आहेत. स्वतःची सही करता येते का? टेबलावर पडलेलं नाणं उचलता येतं का? कुलूप उघडता येतं का? अंघोळ, कपडे, खुर्चीतून उठणं? ऊन सोसतं का? आरशात पाहताना कसं वाटतं? जवळच्या माणसांपासून दूर गेल्यासारखं वाटतं का? नवरा-बायकोच्या नात्याविषयीही प्रश्न आहेत. शेवटी काम: पूर्वीचं काम पूर्वीसारखं होतं का? प्रश्नांचे असे नऊ गट आहेत, आणि त्यांच्या उत्तरांतून माणूस किती परत आला ते कळतं.

आपल्याकडे हे प्रश्न विचारायचे तर त्यांना आपलं रूप द्यावं लागेल. भाकरी थापता येते का? उकिडवं बसता येतं का? लुगड्याच्या निऱ्या खोचता येतात का? पायजम्याची नाडी? ताटातला भात कालवून घास करता येतो का? देवळात हात जुळतात का, दुआ मागताना ओंजळ होते का? निरोगी माणसाला यातला एकही प्रश्न सुचणार नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती उशीविषयी आहे.

गळा आणि छाती भाजलेली बाई खाटेवर पडलेली असते. मान ताठ ठेवली की नवी, कोवळी कातडी ताणली जाते आणि जीव जातो इतकं दुखतं. मान पुढे झुकवली की बरं वाटतं. म्हणून आई किंवा बहीण मायेनं तिच्या डोक्याखाली उशी देते. गुडघ्यामागे भाजलं असेल तर गुडघ्याखाली उशी. काखेत भाजलं असेल तर हात अंगाशी घेऊन ठेवायचा. यात वाईट हेतू कुणाचाच नाही. पण भरत येणाऱ्या जखमेचा एक स्वभाव असतो: ती आकसते. जखम मिटवण्यासाठी शरीर ज्या पेशी कामाला लावतं, त्या चहूबाजूंनी ओढून घेतात. सांधा ज्या अवस्थेत ठेवाल त्या अवस्थेत ती ओढ त्याला बांधून टाकते. जळीत विभागातली मंडळी शिकाऊ डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात सांगतात, की जी अवस्था आरामाची तीच आखडण्याची. उशीवरची हनुवटी काही महिन्यांत छातीला चिकटते. मग वर पाहता येत नाही. खालचा ओठ खाली ओढला जातो, तोंड मिटत नाही, लाळ गळते. पुढे शस्त्रक्रिया करायची म्हटली तर भूल देण्यासाठी घशात नळी घालणंसुद्धा अवघड होऊन बसतं.

जळीत विभागात हा संवाद कितीदा होत असेल! फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणते, "आजी, ती उशी काढा बरं." आजी म्हणते, "अगं बाई, दुखतंय तिला. लेकरू रात्रभर झोपलं नाही." मुलगी म्हणते, "दुखू दे आजी. आज दुखलं नाही तर जन्मभर मान वर होणार नाही." आजीला ती मुलगी दगडाच्या काळजाची वाटते.

पण ती मुलगीच बरोबर असते. गळा भाजलेला असेल तर उशी नको, उलट खांद्याखाली गुंडाळी देऊन मान मागे ठेवायची. काख भाजली असेल तर हात अंगापासून दूर, पसरलेला. कोपर आणि गुडघा सरळ. पंजाची ठेवण निराळी असते, ती तज्ज्ञाकडूनच समजून घ्यावी. रात्री फळी बांधायची, म्हणजे स्प्लिंट. दिवसातून अनेकदा सांधा हलवायचा, व्रण ताणून पांढुरका दिसेपर्यंत न्यायचा, तिथे थोडं थांबायचं. हे दवाखान्यात सुरू होतं आणि घरी पुढे महिनोन् महिने चालवावं लागतं. आखडलेला सांधा शस्त्रक्रियेनं सोडवता येतो हे खरं, पण त्यासाठी मांडीची नवी कातडी काढावी लागते, आणि त्यानंतर पुन्हा तीच फळी, तोच व्यायाम. घरच्यांना हे कुणीतरी बसवून, त्यांच्या भाषेत सांगायला हवं. डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत 'फिजिओ' एवढं खरडून ते होत नाही. माझ्या मते जळीत विभागात खाटेशेजारी बसणाऱ्या नातेवाइकाला शिकवणं हाही उपचारच आहे, आणि आपल्याकडे तोच सगळ्यांत स्वस्त असून सगळ्यांत कमी दिला जातो.

घरी आल्यावर आणखी एक गोष्ट घाबरवते. जखम तर भरली, पण व्रण वाढायला लागतो. लाल होतो, जाड होतो, दोरखंडासारखा उठतो. लोकांना वाटतं, औषध चुकलं किंवा वांगं खाल्लं म्हणून झालं. तसं नसतं. जी जखम भरायला तीन आठवड्यांहून जास्त लागले, तिथे असा उठलेला व्रण येण्याची शक्यता मोठी असते. तो पहिले काही महिने वाढतो आणि मग वर्ष-दीड वर्षात, कधी दोन वर्षांत, हळूहळू मऊ आणि फिका होतो. त्या काळात अंगाला घट्ट बसणारे दाबाचे कपडे घालायला देतात. अंघोळ आणि मालिश सोडून दिवसाचे २३ तास. त्यांचा फायदा नेमका किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण वापर जगभर होतो. लातूर-नांदेडच्या मे महिन्यात तो कपडा अंगात घालून पाहा, म्हणजे पेशंट तो काढून का ठेवतो ते कळेल. त्याला 'हलगर्जी' म्हणून रागावण्याआधी हे लक्षात घ्यावं. त्यात भर म्हणजे लावलेल्या कातडीला घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी खोलवर जळालेल्या असतात. मोठा भाग भाजलेल्या माणसाला आपल्याहून कितीतरी जास्त उकडतं, आणि ते ढोंग नसतं.

खाजेविषयीही बोलायला हवं, कारण तिच्याविषयी कुणी बोलत नाही. दुखणं सांगितलं की लोक हळहळतात, खाज सांगितली की हसतात. भाजलेल्या माणसाला मात्र कित्येकदा दुखण्यापेक्षा खाजच जास्त छळते. नवी कातडी कोरडी असते, तेल सोडणाऱ्या ग्रंथी गेलेल्या असतात, नसा नव्यानं जुळत असतात. खाज बहुधा रात्री वाढते. माणूस झोपेत ओरबाडतो, कोवळी कातडी फाटते, पुन्हा जखम होते. झोप नाही म्हणून चिडचिड, आणि चिडचिडीचं खापर स्वभावावर. यावर उपाय आहेत. साधं खोबरेल किंवा बिनवासाचं मलम दिवसातून अनेकदा चोळायचं, सुती कपडे घालायचे, आणि तरी भागलं नाही तर डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. गोळ्या असतात. 'एवढ्यातून वाचलास, आता खाजेचं काय घेऊन बसलास' हे वाक्य कुणी बोलू नये.

खाण्याचं थोडक्यात. मोठ्या भाजण्यानंतर शरीराची भट्टी वर्ष-दोन वर्षं जास्त तापलेली राहते, स्नायू झिजतात. अशा वेळी अंडी, डाळ, दूध बंद करून पेज-भातावर ठेवणं म्हणजे माणसाला उपाशी ठेवणं आहे.

मनाकडे वळतो. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, ही आपली म्हण. भाजलेल्या माणसाच्या बाबतीत ती विनोदाची राहत नाही. शेजारच्या घरात गॅस पेटवल्याचा 'भप्' आवाज आला तरी एखादी बाई थरथरते, घामाघूम होते. स्वप्नात तोच भडका दिसतो. काहींना तो प्रसंग आठवतच राहतो, काही त्याविषयी बोलणं कटाक्षानं टाळतात. महिनाभरात हे ओसरलं नाही तर ते आघातानंतरचं आजारपण असू शकतं आणि त्यावर मानसोपचार आहेत. गंडे-दोरे बांधून घेणाऱ्यांत माझ्या समाजाची माणसं आहेत आणि इतर समाजांचीही. बांधायचे तर बांधा, पण मानसोपचार तज्ज्ञाची वेळही घ्या.

यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये एक विलक्षण प्रयोग झाला. विमानं पेटून चेहरे आणि हात जळालेले तरुण वैमानिक ईस्ट ग्रिन्स्टेड नावाच्या गावातल्या दवाखान्यात येत. तिथे आर्चिबाल्ड मॅकिंडो हा मूळचा न्यूझीलंडचा सर्जन होता. एकेका पोरावर तो दहा-दहा, वीस-वीस शस्त्रक्रिया करी. पण त्यानं ओळखलं की चेहरा दुरुस्त करून भागणार नाही. त्यानं वॉर्डात बिअरचं पिंप ठेवलं, पोरांना पेशंटच्या पोशाखाऐवजी हवाई दलाचा गणवेश घालू दिला, आणि गावकऱ्यांना आधी भेटून सांगितलं की ही पोरं रस्त्यावर येणार आहेत, त्यांच्याकडे टक लावून बघू नका, त्यांना घरी चहाला बोलवा. गावानं ते मानलं. नजर न रोखणारं गाव म्हणून त्याचं नाव झालं. १९४१ साली त्या पोरांनी स्वतःचा क्लब काढला आणि त्याला नाव दिलं 'गिनी पिग क्लब', कारण आपल्यावर प्रयोग चाललेत हे त्यांना ठाऊक होतं. खजिनदार निवडला तो पाय भाजलेला, म्हणजे पैसे घेऊन पळणार नाही. चिटणीस निवडला तो बोटं भाजलेला, म्हणजे लांबलचक इतिवृत्त लिहिणार नाही. युद्ध संपेपर्यंत सहाशेच्या वर सभासद झाले आणि पुढे अनेक दशकं ते दरवर्षी भेटत राहिले.

ते वैमानिक वीर होते, त्यांच्यासाठी गाव उठून उभं राहिलं. आपल्याकडची भाजलेली व्यक्ती पुष्कळदा बाई असते, आणि तिच्याकडे संशयानं पाहिलं जातं. स्वतः पेटवून घेतलं की कुणी पेटवलं? पोलिसांचा जबाब, सासरची कुजबूज, माहेरचं ओझं. काही भाजणी अपघाताची नसतात हे आपण सगळे जाणतो. अशा बाईला बरी झाल्यावर त्याच घरात, त्याच ओट्यापाशी परत पाठवणं याला उपचार पूर्ण झाला असं मी म्हणणार नाही. मुंबईत या शतकाच्या आरंभी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झालं. हिंसा सोसलेल्या बाईला दवाखान्यातच समुपदेशन मिळावं, ही त्यामागची कल्पना. जळीत विभागाला अशा केंद्राची गरज सगळ्यांत जास्त आहे. कायद्याचंही सांगतो. २०१६च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि ते योग्यच झालं. आगीनं भाजलेल्यांचं मात्र त्या यादीत वेगळं नाव नाही. त्यांचे हातपाय आखडले असतील तर शारीरिक हालचालींच्या अपंगत्वाखाली दाखला मागता येतो. पण जळालेल्या चेहऱ्यामुळे नोकरी गेली, तर त्याची दखल कुठल्या रकान्यात घ्यायची?

नोकरीवरून कामाचा विषय निघालाच आहे. कामावर परतणं हे औषधच आहे, पगारापुरतं ते नसतं. पण भट्टीवर काम करणाऱ्याला पुन्हा भट्टीवर उभं करू नये. मालकानं सावलीतलं काम द्यावं, सुरुवातीला निम्मा दिवस द्यावा. विजेचा धक्का बसलेल्या वायरमनचं प्रकरण तर निराळंच. वरून कातडीवर लहानसा डाग दिसतो, आत स्नायू आणि नसा जळालेल्या असतात, आणि कित्येकदा हात कापावा लागतो. 'एवढंसं तर भाजलंय' असं त्याला लोक म्हणतात.

आणि लोकांची नजर. बसमध्ये समोरचं मूल विचारतं, "आई, त्या काकूंना काय झालं?" आई त्याला गप्प करून तोंड फिरवते. या गप्प करण्यानं जास्त लागतं. जेम्स पार्ट्रिज नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते. १९७० साली, अठराव्या वर्षी, मोटारीला आग लागून त्यांचा चेहरा भाजला. १९९२ साली त्यांनी 'चेंजिंग फेसेस' ही संस्था काढली, आणि २००९मध्ये एका दूरचित्रवाणी वाहिनीवर आठवडाभर दुपारच्या बातम्या वाचून दाखवल्या. २०२० साली ते गेले. त्यांच्या संस्थेनं भाजलेल्यांना एक साधी युक्ती शिकवली. लोक बघणारच, विचारणारच. तेव्हा उत्तर आधीच तयार ठेवायचं. काय झालं ते एका वाक्यात सांगायचं, समोरच्याचा संकोच घालवायचा, आणि बोलणं दुसरीकडे वळवायचं. आरशासमोर, घरच्यांसमोर त्याचा सराव करायचा.

हे उत्तर मराठीतही छान जमतं. आठवडी बाजारात भाजीवालीची नजर चेहऱ्यावर अडकली, की थांबायचं नाही. "स्टोव्ह भडकला होता मावशी, तीन वर्षं झाली, आता बरी आहे मी. मेथी कशी दिली?"